परदेशी निधी थांबला त्या वर्षाची हकीकत

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत तीन महिन्यांसाठी रोखण्याचा आदेश काढला आणि त्याच आठवड्यात जगभरच्या प्रकल्पांना 'काम थांबवा' अशी पत्रं गेली. तृतीयपंथी व्यक्तींसाठी चालणारी पुण्याची आणि कल्याणची मित्र क्लिनिकं त्यातच बंद पडली. तेव्हापासून मला वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या तरुण कार्यकर्त्यांचे फोन येतात. दाता गेला, आता कागदपत्रांना कुठून हात घालायचा? स्टाफला काय सांगायचं? वस्तीत काय सांगायचं? एचआयव्ही-एड्सवर काम करणारी आमची संस्था २०११ ते २०१३ या काळात याच वाटेने गेली. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढची धावपळ कळणार नाही. एड्स नियंत्रणाचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम १९९२ मध्ये उभा राहिला तोच जागतिक बँकेच्या ८.४ कोटी डॉलरच्या कर्जावर. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, त्याच वर्षीची. १९९९ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात राज्याराज्यांत एड्स नियंत्रण संस्थांचं जाळं पसरलं, आणि पैसा सरकारी खात्यातून न फिरता थेट या नोंदणीकृत संस्थांकडे जावा हा त्यामागचा हेतू होता. २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' हा एचआयव्ही रोखण्याचा कार्यक्रम आला. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, मणिपूर आणि नागालँड अशी सहा राज्यं. आधी २५.८ कोटी डॉलर आणि पुढे वाढून ३३.८ कोटी. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, द्यायला सुरुवात केली, त्यातही ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीचा मोठा वाटा होता. मी या क्षेत्रात आले ती या सगळ्याच्या ऐन भरात, २००५ मध्ये, लेखापाल म्हणून. पुढे प्रकल्प व्यवस्थापक झाले.

आमचा जिल्हा पुणे–बंगळुरू महामार्गावरचा. आमचं काम देहविक्रीचा धंदा करणाऱ्या बायांमध्ये, त्यातल्या बऱ्याच देवदासी प्रथेतून आलेल्या. आवाहनच्या पैशावर काम चालायचं त्या दिवसांत वस्तीच्या तोंडाशीच आमचं स्वतःचं क्लिनिक होतं. डॉक्टर, नर्स, समुपदेशक आणि शेजारी बायांना बसायला, अंघोळ करायला, दुपारी पाठ टेकायला एक मोठी खोली. तिला आम्ही डीआयसी म्हणायचो. पीअर म्हणजे बाकीच्या बायांपर्यंत पोचणारी त्यांच्यातलीच एक. लिहिता-वाचता न येणाऱ्या पीअरसाठी चित्रांचे तक्ते होते. प्रत्येक बाईची एक ओळ, भेट झाली की टिंब, क्लिनिकला येऊन गेली की फुली, कंडोम किती दिले त्याच्या उभ्या रेघा. महिनाअखेरीस पीअर जमिनीवर तक्ता पसरून सांगायची, 'ताई, या चौघी तीन महिने झाले क्लिनिकला आल्या नाहीत, आज मी त्यांच्याकडंच जाते.' ही मोजणी दात्याने आणलेली. पण ती बायांच्या हातात आल्यावर तिचं सोनं झालं, हे मी आजही ठामपणे म्हणते.

दात्यासोबत दात्याच्या अटीही येतात. २००३ च्या अमेरिकन कायद्यानुसार त्यांचा एड्स निधी घेणाऱ्या संस्थेला वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याचं धोरण लिहून द्यावं लागायचं. सांगलीच्या 'संग्राम' या संस्थेने २००५ मध्ये त्याला नकार दिला आणि तो निधी परत केला. ब्राझीलनेही त्याच वर्षी त्याच कारणासाठी ४ कोटी डॉलर नाकारले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट त्यांच्या स्वतःच्या देशातल्या संस्थांपुरती काढली. बाहेरच्यांना ती लागू राहिली. आमचा दाता वेगळा असल्याने आमच्यावर तो प्रसंग आला नाही. पण ज्या बायांसोबत काम करायचं त्यांच्याच जगण्याच्या विरोधात सही करायची, याचा राग त्या वेळी आमच्या भागातल्या प्रत्येक बैठकीत होता.

आवाहन कधीतरी सरकारकडे सोपवायचं हे सुरुवातीपासूनच ठरलेलं होतं. ते तीन टप्प्यांत झालं: २००९, २०११ आणि सगळ्यात मोठा टप्पा २०१२. आम्ही शेवटच्यात. २०११ च्या पावसाळ्यात पत्र आलं की १ एप्रिल २०१२ पासून प्रकल्प राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेकडे वर्ग होईल आणि तोवरच्या महिन्यांत आम्ही आमचं अंदाजपत्रक, पदं आणि अहवाल नॅकोच्या नियमांशी जुळवून घ्यायचे.

जुळवणी म्हणजे काय ते अंदाजपत्रकाचे दोन कागद शेजारी ठेवल्यावर कळलं. नॅकोच्या नियमात साठ बायांमागे एक पीअर, चार-पाच पीअरमागे एक क्षेत्रीय कार्यकर्ता, दर तिमाहीला वैद्यकीय तपासणी, सहा महिन्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी. हे बरंचसं आमच्यासारखंच होतं, कारण आवाहनच्या अनेक पद्धती तोवर राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये उतरल्या होत्या. पण स्वतःच्या क्लिनिकची तरतूद नव्हती. बायांनी सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्याला, जायचं किंवा वस्तीजवळच्या ठरवून दिलेल्या खासगी डॉक्टरकडे. डीआयसीचं भाडं होतं, पण आमच्या खोलीचं निम्मंच निघालं असतं. काही पदांचं मानधन एक तृतीयांशाने उतरत होतं. रात्री-अपरात्री पोलिसांनी बाई उचलली की धावणाऱ्या गटाला, मुलांच्या शाळाप्रवेशाला, वकिलाच्या फीला लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचा रकानाच, नव्हतं.

या हकिकतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून जरा थांबून सांगते. निधी देणारा बदलला की काम एकदम बंद पडत नाही. ज्याला लेखाशीर्ष नाही तेवढंच गळतं आणि ते कुठल्याही अहवालात दिसत नाही. तपासण्यांचे आकडे तेच राहतात. गळालेली गोष्ट फक्त वस्तीला कळते. म्हणून हस्तांतराचं पत्र हाती आलं की पहिल्या आठवड्यात एक कोरा कागद घ्या आणि नव्या अंदाजपत्रकात ज्यांना जागा नाही अशी सगळी कामं लिहून काढा. कुठलं काम कोण उचलणार, ते त्याच कागदावर ठरवा. आम्ही ही यादी बायांच्या बैठकीत वाचली. मुलांचं शिक्षण जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडे गेलं. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो हे आम्हाला तेव्हाच नीट समजलं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्यांचं कार्यालय असतं, साध्या अर्जावर काम होतं आणि बाईचं उत्पन्न कितीही असलं तरी तिला मोफत मदतीचा हक्क आहे. रात्री धावणारा गट मात्र बायांनी स्वतःकडे घेतला.

स्टाफची बैठक ऑक्टोबरमध्ये झाली. अंदाजपत्रकाची झेरॉक्स प्रत्येकाच्या हातात दिली. नर्सबाई सात वर्षं आमच्याकडे होत्या. नव्या रचनेत त्यांचं पद नव्हतं. त्या बैठकीत काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी एवढंच विचारलं, 'अनुभवाचा दाखला इंग्रजीत मिळेल का?' मी त्या संध्याकाळीच टाइप केला. ज्यांची पदं जाणार त्यांना सहा महिने आधी सांगा. आणि अनुभव दाखला, भविष्य निर्वाह निधीचे कागद, थकीत रजेचा हिशोब मार्चपर्यंत थांबवू नका. मार्चमध्ये लेखापाल ऑडिटमध्ये बुडालेला असतो आणि माणसं कागदांशिवाय घरी जातात.

मग आला यादीचा प्रश्न. लाइन लिस्ट म्हणजे प्रकल्पात नोंदलेल्या प्रत्येक बाईची यादी. तिच्यात सांकेतिक क्रमांक, वय, हॉटस्पॉट म्हणजे धंद्याची जागा, तपासणीच्या तारखा. त्यामागे एक मूळ रजिस्टर असतं, ज्यात खरं नाव आणि पत्ता. काही बाया घरी कुणाला माहीत नसताना एसटीने तालुक्याहून येत. 'सरकारकडं यादी गेली की पोलीस दारात येणार का?' हा प्रश्न एका अक्कांनी बैठकीत विचारला आणि सगळ्या गप्प बसल्या. आम्ही ठरवलं की वर जाईल ती फक्त क्रमांकांची यादी. मूळ रजिस्टर समुपदेशकाच्या कपाटात कुलपात, किल्ली दोघींकडे, आणि कुणी मागितलं तर लेखी मागणीशिवाय द्यायचं नाही. त्या वेळी याला कायद्याचा आधार नव्हता. आता आहे. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यात माहितीची गोपनीयता राखणं संस्थांवर बंधनकारक आहे. कुणी नावांची यादी व्हॉट्सॲपवर मागितली तर या कायद्याचा उल्लेख करून नम्रपणे नाही म्हणा. हस्तांतराच्या घाईत यादी फिरली तर ती परत गोळा करता येत नाही.

त्याच हिवाळ्यात बायांची स्वतःची संस्था नोंदवायला घेतली. उद्या आमच्या संस्थेचं काही झालं तरी कामाला मालक असावा हा विचार. सोसायटी नोंदणी कायदा १८६० चा, त्याला किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात सोबतच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. अर्ज सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. सात जणी तर लगेच उभ्या राहिल्या. कागद उभे राहीनात. एकीचं रेशनकार्ड बेळगावकडच्या गावचं, दुसरीच्या मतदार ओळखपत्रावरचं नाव वेगळं, तिसरीकडे कसलाच कागद नाही. अर्जात 'वडिलांचे किंवा पतीचे नाव' हा रकाना होता. देवदासी बायांपैकी एकीने तिथे आईचं नाव घालायचा हट्ट धरला. टेबलवरच्या कारकुनाने आधी अर्ज बाजूला ठेवला. मग तिने स्वतः त्यांच्यासमोर बसून शांतपणे सांगितलं की मला वाढवलं आईने, माझ्या शाळेच्या दाखल्यावरही तिचंच नाव आहे. त्यांनी दाखला पाहिला, प्रत मागितली आणि अर्ज आत घेतला. कार्यालयाच्या पत्त्यासाठी घरमालकाचं संमतीपत्र लागतं. ते मिळवायला महिना गेला. वकिलाची फी, नोटरी, झेरॉक्स आणि जाण्यायेण्याचं भाडं धरून खर्च सात-आठ हजारांच्या घरात गेला. तो सगळा बायांच्या बचतगटातून आला.

आता या कामाला निघालेल्यांसाठी एक सोय झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या आदेशानंतर धंदा करणाऱ्या बाईला राहण्याचा पुरावा नसतानाही आधारकार्ड मिळू शकतं. नॅकोच्या राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र पुरतं, आणि कार्डावर तिचा व्यवसाय कळेल अशी कुठलीही खूण येत नाही. नोंदणीआधी सगळ्यांची आधारकार्डं याच मार्गाने करून घ्या. पुढे बँक खातं उघडताना तेच कामाला येतं.

जानेवारी २०१२ मध्ये, सरकारी निधीआधी संस्था तपासायला, संयुक्त पाहणी पथक आलं. त्यांनी मागितलं ते इतकं: नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब, आयकराचं १२ए हे करसवलतीचं प्रमाणपत्र, कार्यकारी मंडळाची यादी आणि मंडळातल्या बदलांचे मंजूर अर्ज, ठरावांचं रजिस्टर, भाडेकरार, साठा नोंदवही. हिशोब आमचे चोख होते. वेळ गेला तो बदल अर्जात. मंडळावरचा एक सदस्य वारल्यानंतर धर्मादाय कार्यालयात केलेला अर्ज मंजूर व्हायचा बाकी होता. त्याची पोच आणि सुनावणीची तारीख जोडून भागलं. तुमच्या मंडळात बदल झाला असेल तर अर्जाची पोच जपून ठेवा, पथकाला तीही चालते.

मार्च अखेरीस करारनामा झाला, १०० रुपयांच्या मुद्रांकावर. आता महाराष्ट्रात अशा कामाला ५०० रुपयांचा लागतो. त्याच दिवसांत जुन्या दात्याचा हिशोब मिटवायचा होता. इथे चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. दात्याच्या पैशातून घेतलेल्या कपाटं, संगणक, तपासणीचं टेबल अशा वस्तूंची यादी करून त्या संस्थेला दिल्याचं लेखी पत्र दात्याकडून घ्या, नाहीतर पुढची पाच वर्षं प्रत्येक ऑडिटर विचारत राहतो. शिल्लक रक्कम पत्रासह परत करा आणि पोच घ्या. उपयोगिता प्रमाणपत्रावर सनदी लेखापालांची सही एप्रिलमध्येच घ्या. आणि सरकारी अनुदानासाठी वेगळं बँक खातं उघडा. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालच्या, खात्यात देशातला पैसा जमा करता येत नाही, मग तो सरकारचा का असेना.

एप्रिल उजाडला. नव्या खात्याचे कागद, मंजुरी, पहिला हप्ता, एकेक पायरी होत पैसे खात्यात पडेपर्यंत पंढरीची वारी होऊन गेली. निधी हातात येताना उशीर होतोच, त्याची तयारी आधीपासून हवी. आम्ही वर्षभर स्थानिक देणग्यांतून थोडंथोडं बाजूला ठेवलं होतं, त्यातून पीअरचं मानधन निम्मं-निम्मं दिलं. क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी आणि मी नंतर घेतलं. पीअरना आधी द्या, त्यांच्याकडे मागे टाकलेलं काही नसतं. एक पीअर मला म्हणाली, 'ताई, मानधन उशिरा आलं तरी चालंल, पण निरोध संपू देऊ नका. ते संपलं की माझ्या शब्दाला किंमत राहत नाही.' तेव्हापासून तीन महिन्यांचा साठा हाताशी ठेवण्याचा नियम आम्ही कधी मोडला नाही.

क्लिनिक बंद झाल्याचा फटका पहिल्याच तिमाहीत दिसला. सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधं होती, रंगीत पाकिटांचे किट होते, डॉक्टरही चांगले. पण ओपीडी सकाळची, आणि बाया उठतात अकराला. शिवाय केसपेपरच्या रांगेत गावची ओळखीची माणसं. पहिल्या महिन्यांत येणाऱ्यांची संख्या निम्म्याच्याही खाली गेली. जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण पथकाच्या मासिक बैठकीत आम्ही ओळखचिठ्ठीची कल्पना मांडली. पीअर बाईसोबत जाईल, चिठ्ठीवर फक्त क्रमांक असेल, आणि समुपदेशक तिला रांगेशिवाय आत घेतील. आठवड्यातून एक दुपार वस्तीजवळच्या खासगी डॉक्टरांकडे ठरवली. हे दोन्ही नॅकोच्या नियमांत बसणारं होतं, वेगळा पैसा लागला नाही. वर्षाच्या शेवटी संख्या बऱ्यापैकी सावरली. ज्या थोड्या बाया तुटल्या त्यातल्या काही परत आल्याच नाहीत, आणि त्यांचं मला अजून वाईट वाटतं.

२०१३ च्या सुमारास आणखी एक बदल झाला. ग्लोबल फंडाच्या पैशावर चालणारी सामुदायिक काळजी केंद्रं, जिथे एआरटी सुरू करताना आजारी माणसाला चार दिवस ठेवून घेता यायचं, ती बंद झाली. त्यांच्या जागी त्याच फंडाच्या 'विहान' कार्यक्रमाची केंद्रं आली. तिथे पाठपुरावा, समुपदेशन, योजनांचा लाभ मिळवून देणं हे होतं, खाटा नव्हत्या. औषधं सगळीकडे पोचल्यावर खाटांची गरज कमी झाली हे खरं आहे. पण ज्या बाईला घरच नाही तिने जुलाब लागलेल्या अवस्थेत कुठे पडून राहायचं, याचं उत्तर नव्या आराखड्यात नव्हतं. ती जबाबदारी पुन्हा बायांच्या संस्थेने घेतली, एक खोली आणि आळीपाळीने डबा.

पुढचं थोडक्यात. २०१४-१५ पासून केंद्राचा निधी राज्याच्या कोषागारातून यायला लागला, त्यामुळे वाट आणखी लांबली. सप्टेंबर २०२० मध्ये एफसीआरए कायदा बदलला. परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला द्यायला बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि प्रत्येक संस्थेला दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं बंधनकारक झालं. मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या छोट्या निधीवर जगणाऱ्या आमच्या भागातल्या कितीतरी संस्थांचं काम त्यामुळे थांबलं. दिल्लीचं खातं आम्ही इथल्याच शाखेतून कागद पाठवून उघडलं, दिल्लीला जावं लागलं नाही. पदाधिकाऱ्यांच्या आधार आणि पॅनवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं ना, एवढं आधी तपासा.

राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाचवा टप्पा, २०२१ ते २०२६, १५,४७१.९४ कोटी रुपयांचा ठरला आणि त्याचा भार केंद्र सरकारने उचलला. ज्या कार्यक्रमाची सुरुवात कर्जावर झाली तो स्वतःच्या पायावर उभा आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आफ्रिकेतल्या अनेक देशांत २०२५ मध्ये औषधांचीच भ्रांत पडली. आपल्याकडे ती पडली नाही, ती यामुळेच.

म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट ही सांगते: आजच्या आज वस्तीत जा आणि सांगा की एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळत होत्या आणि मिळत राहतील. 'प्रकल्प बंद झाला' एवढंच कानावर पडलं की माणसं औषधंही संपली असं धरून चालतात आणि गोळ्या पुरवून-पुरवून, एकाआड एक दिवस घ्यायला लागतात. तुमच्या क्लिनिकमधून ज्यांना गोळ्या मिळत होत्या त्यांची ट्रान्सफरची चिठ्ठी जवळच्या एआरटी केंद्राच्या नावे लगेच करून घ्या, हिरवं पुस्तक सोबत द्या आणि पहिल्या खेपेला कुणीतरी बरोबर जा. केंद्र सापडत नसेल तर १०९७ हा नॅकोचा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. लेखाशीर्षांचा कागद घेऊन बसायचं ते त्यानंतर.